होडीतला पाठमोरा माणूस

नेरूळ,
१२ जानेवारी २०२५

प्रिय आबिदा,

नमस्कार आणि सलाम, दोन्ही घे. स्टाफरूममध्ये घ्यायचीस तसे.

आम्ही दोघं ठीक. माझा गुडघा जिना दिसला की कुरकुरतो. जयप्रकाशरावांची साखर सणासुदीला वर चढते आणि मग महिनाभर ते कारल्याच्या रसाच्या पेल्याकडे संशयाने बघत बसतात. परवा संक्रांत. तिळाच्या वड्या केल्या, त्यातल्या सहा त्यांनी ‘चव बघायला’ म्हणून संपवल्या. आमचा सुयश कॅनडात बरा आहे. तिकडे म्हणे नाकातला श्वास गोठतो, आणि इथे आम्ही स्वेटर काढावा की नाही म्हणून खिडकीतून हात बाहेर काढून बघतो.

पत्र बघून चकित झाली असशील. फोन करायचा सोडून ही बाई कागद कशाला काळे करतेय? अगं, आमच्या सोसायटीचं रंगकाम निघालंय. बाहेरून परांची बांधलीय, दिवसभर ठोकाठोक. फोनवर धड ऐकूच येत नाही. म्हटलं, निवांत लिहावं.

इक्राचा फोन आला होता. तिच्याकडून कळलं की फेब्रुवारीच्या शेवटी वाशीत तुझं प्रदर्शन आहे. एकटीचं! मी स्वयंपाकघरात ओरडलेच, ह्यांना वाटलं कुकर उडाला. आबिदा, तुझं वय एकसष्ट आणि हे पहिलं स्वतंत्र प्रदर्शन. इतकी वर्षं मुलांच्या चित्रकलेच्या वह्यांतले कलिंगडाचे काप तपासण्यात गेली तुझी. खूप खूप आनंद झाला. हे मनापासून लिहितेय.

इक्रा म्हणाली, “मावशी, सुरुवातीलाच तुमच्याकडची होडी लावायची आहे. अम्मी म्हणते, होडी नसेल तर प्रदर्शनच नको.”

मला तो दिवस काल घडल्यासारखा आठवतो. २००९ साल, शाळेच्या हॉलमध्ये पालकांसाठी मांडलेलं प्रदर्शन. मुलांच्या चित्रांच्या शेवटी कोपऱ्यात, खांबाच्या आड, तू तुझी तीन चित्रं लाजत लाजत टांगली होतीस. आम्ही तेव्हा नुकतेच या फ्लॅटमध्ये आलो होतो. सोफा घ्यायचा होता, भिंतीला काहीतरी घ्यायचं होतं. इंटिरियरवाल्याने धबधब्याचा फोटो सुचवला होता, सोफ्याच्या कापडाला मॅचिंग. आणि मी तुझ्या होडीसमोर उभी राहिले ती हललेच नाही. तू म्हणालीस, “आवडली तर घेऊन जा, मैत्रिणीकडून पैसे कसले घ्यायचे?” मी तुला झापलं होतं, आठवतं? म्हटलं, तुझं चित्र फुकट नेणं म्हणजे तुला हौशी बाई म्हणणं झालं. सोफा पुढच्या दिवाळीला घेतला. वर्षभर पाहुणे सतरंजीवर बसले आणि सगळ्यांनी आधी होडी बघितली.

आता मुद्द्याचं. त्या भिंतीला ओल आलीय. म्हणून चित्र काढून, गुंडाळून माळ्यावर ठेवलंय, वर सगळं सामान रचलंय. एवढ्यात निघेलसं वाटत नाही. इक्राला पुस्तिकेसाठी फोटो हवा होता, तो पाठवलाय. सुयशच्या वाढदिवसाचा आहे. ती म्हणाली, “मावशी, यात केकच दिसतोय.” केकच्या मागे आहे होडी, नीट बघ म्हणावं.

तुझी बाकीची चित्रं कितीतरी सरस आहेत. करंजाच्या बंदरावर मासेमारीची जाळी वाळत घातलेली ती मोठी चौकट सुरुवातीला लाव ना. आणि उगाच इकडे येण्याची दगदग करू नकोस. इथे नुसती धूळ आहे.

भाऊजींना आणि इक्राला आशीर्वाद. (भाऊजींना नको, ते मोठे आहेत. नमस्कार.)

तुझी,
अरुणा


नेरूळ,
३० जानेवारी २०२५

प्रिय आबिदा,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी आणि कोपऱ्यात माळ्यावर चढणारी मी! शिडीवर माझा आकार जरा उदार काढलायस, पण राग नाही. हे कार्ड हातात घेऊन दहा मिनिटं हसत होते. शेवटच्या ओळीशी मात्र अडखळले. ‘आता उरणची गाडी सुरू झालीय, नेरूळ म्हणजे हाकेच्या अंतरावर. नऊ तारखेच्या रविवारी मी आणि इक्रा येतो. माळा आम्ही उपसतो, तू फक्त चहा टाक.’

ती गाडी सुरू झाली तेव्हा मी तुला अभिनंदनाचा मेसेज केला होता. आता तू कधीही दारात उभी राहशील हे त्याच वेळी मनात आलं होतं, ते लिहिलं नव्हतं.

आबिदा, माळ्यावर काही नाही. भिंतीला ओल नाही. रंगकाम आहे, पण ते बाहेरून. चित्र जिथे होतं तिथेच आहे, जेवणाच्या टेबलासमोर, दाराच्या डाव्या हाताला. फक्त ते होतं तसं नाहीये.

कसं सांगू? सरळच सांगते. आमच्या विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर ईश्वरी म्हणून एक मुलगी राहते. तिने २०१९ मध्ये घराचं वास्तुशास्त्र बघायला एक गृहस्थ आणले होते. तू आमची विंग बघितलेली नाहीस हल्ली. सात पांढरे घोडे आमच्याकडे चार घरांतून धावतात, एकाच छापखान्यातून सुटलेले. तर ते गृहस्थ ईश्वरीकडून आमच्याकडेही डोकावले. होडी बघून म्हणाले, “नाव दाराकडे निघाली आहे. घरातलं माणूस बाहेर जातं ते परत येत नाही. नाव आत येणारी हवी.” सुयशला कॅनडाला जाऊन तेव्हा वर्ष होत होतं.

जयप्रकाशरावांनी ते मनाला लावून घेतलं. बापाचं काळीज, दुसरं काय. ते चित्र घेऊन वाशीला गोटीराम फ्रेमवाल्याकडे गेले. तो म्हणाला, “प्रिंट असती तं कंप्युटरवर मिरर मारून दिली असती, दोन मिंटाचा काम. ही ओरिजिनल हाय. हिला कसा फिरवनार?” मग त्यांनी कुठूनतरी रंग आणले आणि होडीवर हात चालवला. होडी आता आत येते. आतला माणूसही बदललाय.

मी तेव्हा चिपळूणला बहिणीकडे गेले होते. परत आले तर हे असं. काय बोलणार? त्यांना चित्रातलं काही कळत नाही, वाईट हेतू अजिबात नव्हता. पोराच्या ओढीने केलं. तू त्यांना ओळखतेस, मुंगीच्या वाटेतून बाजूला होणारा माणूस.

मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. सहा वर्षं टाळलं. आठवून बघ, या सहा वर्षांत आपण नेहमी बाहेरच भेटलो. वाशीच्या उडप्याकडे, सीवूड्सच्या मॉलमध्ये, एकदा तर स्टेशनच्या बाकावर. व्हिडिओ कॉलला मी कायम बाल्कनीत, पाठीशी तुळस. तू म्हणायचीस, काय ही बाई, हिला घरात करमतच नाही.

रविवारी येऊ नकोस. म्हणजे ये, पण मला थोडे दिवस दे. प्रदर्शनाचं माझ्यामुळे अडू देऊ नकोस, एवढीच विनवणी.

ह्यांच्यावर रागावू नकोस. रागवायचं तर माझ्यावर रागाव, मी लपवलं म्हणून.

तुझी,
अरुणा


नेरूळ,
९ फेब्रुवारी २०२५, रविवार

प्रिय आबिदा,

आज तू येणार होतीस. आली नाहीस. मी नको म्हटलं म्हणून आली नाहीस, हे मला ठाऊक आहे, तरी सकाळपासून दोनदा चहाचं आधण ठेवलं आणि दोनदा मीच प्यायले.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. त्याच्या मागच्यातही लिहिलं होतं, पण ते ओलीचं आणि माळ्याचं होतं, तसलं खोटं मी दूधवाल्यालाही सांगते. हे तसं नाही. पत्रं का लिहिते माहीत आहे? परांचीमुळे नव्हे. फोनवर तू माझा आवाज ओळखतेस. ‘हॅलो’ म्हटल्यावरच विचारतेस, काय झालं गं? कागदाला आवाज नसतो, म्हणून कागद घेतला.

बुधवारी दुपारी मी डाळ निवडत होते. ह्यांचा फोन वाजला, ते बाल्कनीत गेले. मला वाटलं बँकेतलं कुणी असेल. दहा मिनिटांनी आत आले, पंखा लावला, टेबलाशी बसले. म्हणाले, “आबिदाताईंचा फोन होता.”

मी मान वर केली नाही.

“मी माफी मागितली,” ते म्हणाले. “म्हटलं, चुकलंच माझं. मला चित्रातलं कळत नाही.”

एवढं बोलून त्यांनी माझ्या ताटातली डाळ पुढे ओढली आणि माझ्याबरोबर खडे निवडायला लागले. त्यांना पत्रातलं काहीही माहीत नव्हतं, आबिदा. मी त्यांना न विचारता त्यांचं नाव घातलं होतं. तुझा फोन आला तेव्हा पहिल्या वाक्यालाच त्यांच्या लक्षात आलं असणार. एका क्षणात त्यांनी ते अंगावर घेतलं. रागावले असते तर बरं झालं असतं. मी म्हटलं, “तुम्ही सांगायचंत ना खरं.” तर म्हणाले, “ते तुझं आहे. मी कसं सांगू?”

मग मी विचारलं, आबिदा काय म्हणाली? त्यांनी आणखी दोन खडे वेचून बाजूला ठेवले. मग सांगितलं. तू म्हणालीस, “भाऊजी, वाईट वाटून घेऊ नका. तुम्हाला काय ठाऊक ती पाठ कुणाची ते. अरुणाला ठाऊक होतं. ती घरात असती तर तिने तुमचा हात धरला असता.”

आबिदा, मी घरात होते. तो हात माझा होता.

चिपळूणला मी गेलेच नव्हते. चिपळूणला हे गेले होते, माझ्या भाच्याच्या मुंजीला. शाळेच्या परीक्षा चालू होत्या म्हणून मी मागे राहिले. गोटीरामकडे रिक्षातून चित्र मी नेलं. आणि त्याचं पुढचं वाक्य मी तुला लिहिताना गाळलं. मी त्याला म्हटलं होतं, तुझ्या ओळखीचा कुणी पेंटर असेल तर होडीचं तोंड फिरवून घे, काय होईल ते देईन. त्याने चित्र पुन्हा कागदात गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं. म्हणाला, “नाय बाय. कुनाच्या तरी हातचा काम हाय ते. आपून फ्रेम बनवतो, आतल्या मानसाला हात नाय लावनार.” फ्रेमवाला गोटीराम, आठवी नापास. आणि मी एमएससी बीएड. शाळेत दर वर्षी अंधश्रद्धेवर प्रयोग दाखवायची मी. लिंबातून रक्त, पेटता कापूर जिभेवर, सगळं. मुलं टाळ्या वाजवायची. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते हेच.

त्या वास्तूच्या गृहस्थांना मी तोंडावर हसले होते. चहा दिला, वर भूगोलाचा धडा दिला. ते गेले आणि त्यांचं वाक्य मात्र राहिलं. ते खरं वाटलं असं नाही. पण रोज सकाळी मी एकटी टेबलाशी पोळी खायला बसायची, समोर सुयशची खुर्ची रिकामी, आणि खुर्चीच्या वर ती होडी निघालेली. दहा वर्षं मी त्या होडीकडे बघून चहा प्यायले होते. सकाळी पूर्वेचं ऊन आलं की तिचं पाणी हिरवं दिसायचं, दुपारी करडं, आणि संध्याकाळी ट्यूबलाइटमध्ये कळायचं की पाण्यात तू जांभळाही लावलायस. सुयश लहानपणी गृहपाठ करताना रोज ठरवायचा, आज होडी कुठे चालली आहे. आज अलिबाग, आज आफ्रिका. सात घोडेवाल्यांना हे सुख नाही, मी सगळ्या विंगला ऐकवायचे. आणि त्या एका वर्षात मला ती होडी बघवेना. ती रोज जायची. एक दिवस तरी थांबेल म्हणून मी बघत बसायचे, आणि ती जायची.

काढून ठेवता आली असती. उलटी करून भिंतीला टेकवता आली असती. तुला फोन करून सांगता आलं असतं, आबिदा, मला सोसवत नाही गं, थोडे दिवस तुझ्याकडे ठेव. तू एका शब्दाने विचारलं नसतंस. यातलं काहीच मला सुचलं नाही. मला ती परत यायला हवी होती.

शाळेच्या कोपऱ्यावरच्या दुकानातून अॅक्रिलिकचे रंग आणले, मुलांना प्रोजेक्टला लागतात तसले. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. दुपारचे दोन वाजले होते. आधी होडीचं टोक रंगाखाली झाकलं आणि इकडचं तिकडे काढलं. ते तितकंसं वाईट झालं नाही. मग मागे सरकून बघितलं तर होडी आत येतेय आणि आतला माणूस बाहेर बघत बसलाय. ते विचित्र दिसत होतं. म्हणून त्यालाही वळवायला लागलं.

इथेच मला थांबायला हवं होतं. कारण मला माहीत होतं तो कोण आहे. तू मला चित्र देताना सांगितलं होतंस, हॉल रिकामा झाल्यावर, शिपाई खुर्च्या लावत होता तेव्हा. तुझे अब्बा, फजलचाचा, जहाजावर खलाशी. सुट्टी संपली की उरणच्या मोरा बंदराच्या धक्क्यावरून लाँचने नव्हे, ओळखीच्या माणसाच्या होडीतून मोठ्या बोटीपर्यंत जायचे. तुम्ही पाच भावंडं धक्क्यावर. आणि ते कधी मागे वळायचे नाहीत. तुमच्याकडची रीत, दर्यावर जाणाऱ्याने किनाऱ्याकडे वळून बघायचं नाही. बघितलं तर पाय परत फिरतात. तू म्हणाली होतीस, “मी अब्बांचा चेहरा काढायला घेतला की चुकतो. पाठ मात्र डोळे मिटून काढू शकते. लहानपणी तीच जास्त बघितली.” मग म्हणालीस की तुला मोठेपणी कळलं, ते वळायचे नाहीत कारण त्यांना वळावंसं वाटायचं.

मी हे सगळं ऐकून, समजून, डोळे पुसून ते चित्र विकत घेतलं होतं.

आणि त्या दुपारी मी त्या पाठीवर चेहरा काढला. दोन ठिपके डोळ्यांचे. नाक जमलं नाही म्हणून सोडलं. आणि एक वाकडी रेघ तोंडाची. आबिदा, मी त्यांना हसवलं. लेक परत येताना हसत यायला हवा ना, म्हणून.

हे चिपळूणहून आले, पिशवी ठेवली, हातपाय धुतले, जेवायला बसले. चित्राकडे बघितलं. मी वाढत होते. ते म्हणाले, “आमटी छान झालीय.” त्यांनी सहा वर्षं यापलीकडे एक शब्द काढला नाही. मी समजत होते की त्यांना कळलंच नाही.

सुयशलाही कळलं होतं. परवा, बुधवारच्या त्या प्रकारानंतर, मी त्याला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, “आई, मला पहिल्याच कॉलला दिसलं होतं. तू आत भात आणायला गेलीस आणि फोन टेबलावर चालूच राहिला होता.” मी म्हटलं, मग बोलला का नाहीस? म्हणाला, “काय बोलू? माझ्यासाठीच केलंस ना.” आणि मग म्हणाला, “मला ती जात होती म्हणूनच आवडायची.” तो परत येणार नाही. त्याने तिकडे घर बघितलंय, पुढच्या वर्षी लग्न करेल. विमानतळावर तो चार वेळा मागे वळला होता, आबिदा, चार वेळा हात केला होता, आणि तरीही गेला. जाणारा माणूस वळला काय, न वळला काय.

मी तुझं चित्र विकत घेतलं तेव्हा शाळाभर सांगत फिरले होते, घरात एक तरी खरं चित्र असावं, कुणाच्या तरी हाताचं. बाकीच्या शिक्षिकांना तासतास पकवलं. छापलेलं चित्र घराला शोभतं, खरं चित्र घरात राहायला येतं, असलं काहीतरी म्हणायचे. आणि जो राहायला आला त्याला मी माझ्या सोयीने वळवलं. पैसे दिले, पावती घेतली, भिंत माझी, खिळा माझा, म्हणून मला वाटलं आतला माणूसही माझा. छापील होडी असती तर गोटीरामने दोन मिनिटांत फिरवली असती आणि कुणाचं काही गेलं नसतं. इथे तुझे अब्बा गेले.

आता काय करायचं ते लिहिते.

चित्राला मी त्यानंतर हात लावलेला नाही. तुझे रंग तेलाचे, माझे पाण्याचे. गेल्या उन्हाळ्यात माझ्या होडीच्या टोकापाशी पापुद्रा सुटलाय, नखाएवढा, आणि खाली तुझं पाणी दिसतं. इक्रा फोनवर बोलली होती की मुंबईत जुनी चित्रं साफ करणाऱ्या एक बाई आहेत. त्यांना दाखव. वरचं निघालं तर निघालं. नाही निघालं, किंवा निघताना अब्बांची पाठही खरवडली गेली, तर त्याला मी काय करू शकते मला माहीत नाही. तू मला शिव्या देऊ शकतेस. तुझ्या त्या उरणच्या खास शिव्या, ज्या स्टाफरूममध्ये फक्त मला कळायच्या.

दुसरं. इक्रा म्हणत होती, प्रत्येक चित्राखाली लहानशी पाटी लावणार. चित्राचं नाव, साल, आणि कुणाच्या घरून आणलं ते. माझं नाव तिथे ‘संग्रह’ म्हणून लावू नका. मला ते वाचणं सोसणार नाही. वेळेत साफ झालं नाही आणि तरीही तू ते लावायचं ठरवलंस, तर खाली स्पष्ट लिही: चित्रकार आबिदा, २००९. होडी वळवली आणि माणसाला चेहरा काढला अरुणा खानविलकर यांनी, २०१९, चित्रकाराला न विचारता. आपल्या शाळेच्या सगळ्या बाया येतील, माझे विद्यार्थी येतील, ईश्वरीही येईल. येऊ देत. वाचू देत. शेजारी मी उभी राहीन, कुणी विचारलं तर सांगेन.

आणि लावायचंच नसेल तर नको लावू. पण होडी नाही म्हणून प्रदर्शन रद्द करू नकोस. माझ्या एका दुपारसाठी तुझी चाळीस वर्षं खांबाच्या आड जाऊ देऊ नकोस, एवढं माझ्यासाठी नाही, स्वतःसाठी कर.

शनिवारी, पंधरा तारखेला सकाळी, आम्ही दोघं चित्र घेऊन उरणला येतो. मी एकटीच येणार होते, पण फ्रेम मोठी आहे आणि हे म्हणतात दुसरं टोक मी धरतो. हे पत्र तुला त्याआधी मिळेल. आम्हाला बघायचं नसेल तर इक्राला दाराशी पाठव, आम्ही तिच्या हातात देऊन परत फिरू. तू स्वतः आलीस तर मला आत ये म्हणू नकोस. चहा विचारू नकोस. तुझ्या सवयीने ‘जाऊ दे गं’ म्हणून मोकळी होऊ नकोस. आधी कागद सोडव, चित्र उजेडात धर आणि मी काय केलंय ते पूर्ण बघ. मग माझ्याकडे बघायचं की नाही ते ठरव.

मी फाटकाबाहेर थांबेन.

जिने तुझ्या अब्बांना मागे वळवलं ती,
अरुणा